जुन्या गाडीला कोणता रंग? गोव्याच्या हवेत उत्तर वेगळं येतं

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी आमची फियाट गॅरेजमधून घरी आली. आजोबांनी १९६७ साली घेतलेली, जी.डी. अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या गोव्याच्या नंबराची. गडद मरून रंग आणि त्यावर काचेसारखं क्लिअर, म्हणजे चमकीचा पारदर्शक थर. काका गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होते, ते स्टुलावरून उतरून बाहेर आले आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून परत चढले. शेजारची पोरं बॉनेटमध्ये आपली तोंडं बघत होती. दसऱ्याला दरवाज्याच्या खालच्या कडेला मोहरीएवढे फोड दिसले. तुळशीच्या लग्नापर्यंत ते मसुरीएवढे झाले. नाताळच्या सुट्टीत मी त्यातला एक नखाने फोडला, तर आतून पाण्याचा थेंब निघाला आणि त्याखाली पत्र्यावर लालसर डाग.

पैसे गेले ते गेलेच. पण त्यानंतर वर्षभर मी रंग या विषयाच्या मागे लागलो. कोणी भेटलं की विचारत असे, हाताला मिळेल ते वाचत असे, आणि फोंड्याजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींच्या शेडमध्ये कित्येक रविवार घालवले. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर शेड कार्डांचा गठ्ठा ठेवला होता. त्यांनी तो न उघडताच बाजूला सारला आणि म्हणाले, “रंग मागीर. पयलीं पत्रो पळयात.” रंग नंतर, आधी पत्रा बघा.

जुनी गाडी दुरुस्त करायला घेणारा प्रत्येक जण सुरुवात “कोणता रंग द्यावा?” इथून करतो. पण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात. शेड कोणती, म्हणजे मरून की क्रीम की आकाशी. फिनिश कोणतं, म्हणजे साधं सॉलिड, चमकीचं मेटॅलिक, पर्ल की मॅट. आणि तिसरा, जो कोणी विचारतच नाही: रंग कोणत्या जातीचा, म्हणजे तो पत्र्यावर वाळतो कसा आणि धरून राहतो कसा. शेड आवडीवर सोडून द्यावी. बाकी दोन गोष्टी मात्र गाडी कुठे उभी राहते, किती चालते आणि पुढच्या वर्षी तिला ओरखडा आला तर तो कोण बुजवणार, यावर ठरतात.

गूळ आणि अंडं

डब्यातल्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंगद्रव्य म्हणजे बारीक पूड, जी रंग दाखवते. बाइंडर म्हणजे त्या पुडीला एकत्र धरून पत्र्याला चिकटवणारा पदार्थ. आणि थिनर, जो रंग स्प्रे गनमधून उडावा म्हणून घालतात आणि नंतर हवेत उडून जातो. रव्याच्या लाडवात रवा हे रंगद्रव्य मानलं तर पाक हा बाइंडर. लाडू किती टिकणार, ठिसूळ होणार की चिवट, हे रव्यावर नाही, पाकावर ठरतं.

गाड्यांच्या जगात पाकाच्या दोन मोठ्या जाती. पहिली जुनी, नायट्रोसेल्युलोजची, जिला आपल्याकडे अजूनही सरसकट ‘ड्यूको’ म्हणतात. ड्यूको हे खरं तर अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३ च्या सुमारास तो बाजारात आला आणि १९२४ च्या जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर लागला. त्याआधी गाडीवर ब्रशने व्हार्निशाचे थर द्यावे लागत आणि पूर्ण गाडी वाळायला आठवडे जात. ड्यूको काही मिनिटांत वाळायचा. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळीच मिळायची, त्याच काळात ड्यूकोमुळे झटपट वाळणाऱ्या रंगीत गाड्या निघू लागल्या. नाव इतकं रुळलं की आज आपल्याकडे कपाटाला मारलेल्या गुळगुळीत रंगालाही लोक ड्यूकोच म्हणतात.

हा रंग गुळासारखा आहे. थिनर उडून गेला की तो घट्ट होतो, आणि पुन्हा थिनर लावला की विरघळतो. कितीही वर्षांनी. याचा फायदा असा की ओरखड्यावर नवा कोट मारला तर तो जुन्या थरात मिसळून जातो, जोड दिसत नाही. तोटा असा की पेट्रोलचे थेंबही त्याला डाग पाडतात, उन्हाने तो ठिसूळ होऊन तडकतो, आणि चमक टिकवायची तर सतत पॉलिश करावं लागतं.

दुसरी जात टू-के, म्हणजे दोन घटकांची पॉलियुरेथेन. रंगात हार्डनर मिसळला की दोघांत रासायनिक क्रिया सुरू होते आणि रंगाचे रेणू एकमेकांत जाळीसारखे गुंफले जातात. हे उकडलेलं अंडं. एकदा घट्ट झालं की परत पातळ होत नाही. थिनर, पेट्रोल, ऊन, पक्ष्यांची विष्ठा, सगळ्यांपुढे ते ड्यूकोपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद, गरम खोलीत, ६० अंशांवर अर्ध्या तासात ते हाताळण्याइतकं वाळतं. उघड्या शेडमध्ये रात्रभर लागतं आणि आतून पूर्ण पक्कं व्हायला आणखी बरेच दिवस जातात. म्हणून नव्या रंगावर महिनाभर तरी मेण लावू नये.

तुमच्या गाडीवर सध्या कोणती जात आहे, हे पाच मिनिटांत कळतं. डिकीच्या झाकणाखाली किंवा दरवाज्याच्या आतल्या कडेला, जिथे कोणी बघत नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस दहा सेकंद घासा. कापसाला भरपूर रंग लागला आणि जागा चिकट झाली तर ते ड्यूको. काहीच झालं नाही तर बहुधा टू-के. ही परीक्षा केल्याशिवाय नवा रंग मारायला देऊच नका. कारण ड्यूकोच्या जुन्या थरावर थेट टू-के मारला तर त्यातला जहाल थिनर खालच्या थराला फुगवतो आणि नव्या रंगाला उकळत्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. मेस्त्री याला ‘रंग उचलला’ म्हणतात. मग सगळं खरवडण्याशिवाय इलाज नसतो.

खरवडताना आणखी एक. जुन्या पिवळ्या आणि लाल रंगांत शिशाची द्रव्यं वापरलेली असू शकतात. त्यामुळे कोरडा सँडपेपर मारून धूळ उडवू नका, वॉटर पेपरने ओलं घासा.

श्रावणात रंग का मारू नये

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नेमकी त्याच काळात सगळ्यांना चवथीपूर्वी गाडी हवी असते.

हातावर थोडं स्पिरिट ओतून बघा, गार लागतं. उडून जाणारा द्रव उष्णता घेऊन जातो. गनमधून मारलेल्या रंगातला थिनर उडताना पत्र्याचा पृष्ठभाग असाच गार होतो. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण हवा पाण्याने भरलेली असेल तर गार पत्र्यावर दव धरतं, गार सोड्याच्या बाटलीवर धरतं तसं. ड्यूकोत ते दव अडकलं की रंगावर दुधाळ झाक येते. टू-केमध्ये घोटाळा वेगळा होतो. हार्डनरला रंगाशी जोडून घ्यायचं असतं, पण त्याला पाणीही तितकंच प्रिय. पाण्याशी त्याची क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, चमक बसते. म्हणून रंगकामात एक ठोकताळा पाळतात: हवेतलं बाष्प ज्या तापमानाला दव बनतं, त्यापेक्षा पत्रा किमान ३ अंशांनी गरम असला पाहिजे. बंद, गरम, कोरड्या हवेचा बूथ असेल तर पावसातही काम होतं. चार खांब आणि वर पत्रे अशी शेड असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही सकाळचं दव उडून गेल्यावर.

आमच्या गाडीचं पाप याहूनही आधीचं होतं. पुट्टी आणि सरफेसर, म्हणजे रंगाखालचा पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर, मारून ती तीन आठवडे उघड्या बाजूच्या शेडमध्ये उभी होती. काम अडलं होतं, कारण एक काच मिळत नव्हती. सरफेसर दिसतो रंगासारखा, पण असतो स्पंजासारखा. तो पाणी पितो. पुट्टी त्याहून जास्त पिते. त्यात ते गॅरेज समुद्राजवळ, म्हणजे हवेत मीठ. चवथ जवळ आल्यावर त्या ओलसर, खारट थरावर घाईघाईने मरून आणि क्लिअर चढलं. रंगाचा थर पूर्ण बंद नसतो, बाष्प त्यातून हळूहळू आत जातं. खाली मिठाचा कण असेल तर तो ते पाणी ओढून धरतो, थेंब जमतो, वरचा रंग फुगतो. तो मसुरीएवढा फोड म्हणजे हाच थेंब.

दुसऱ्या वेळी मेस्त्रींनी क्रम बदलला. पत्रा उघडा केला, गोड्या पाण्याने धुतला, दिवा लावून पूर्ण सुकवला, आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला. इपॉक्सी पाणी फारसं आत येऊ देत नाही, त्यामुळे पुढचं काम रेंगाळलं तरी पत्रा सुरक्षित राहतो. पुट्टी त्यावर, आणि ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्राच ठोकून वर आणायचा. जुनी गाडी विकत घेणार असाल तर खिशात फ्रिजवरचं एक चपटं लोहचुंबक ठेवा. ज्या जागी ते चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

इथे एक गंमत सांगतो. आपल्या अंगणातला जांभा दगड लाल का? त्यात लोहाची ऑक्साइडं आहेत. डिचोली, सांग्याच्या खाणींतून जे निघत होतं ते काय? लोहाचं ऑक्साइड. पत्र्यावरचा गंज? पाणी धरून बसलेलं लोहाचं ऑक्साइड. आणि गंज लागू नये म्हणून आपले वडील गेटला आणि गाडीच्या तळाला जे ‘रेड ऑक्साइड’ मारायचे, त्यातली लाल पूडही तीच. गंज थांबवण्याचं काम ती पूड करत नाही. तिला धरून ठेवणारा बाइंडर जेवढं पाणी अडवतो तेवढंच. म्हणून साध्या रेड ऑक्साइडवर विसंबून राहू नका.

सॉलिड, मेटॅलिक आणि बाकीची मंडळी

आता फिनिश. सॉलिड म्हणजे रंगद्रव्य आणि बाइंडर, बाकी काही नाही. कुठूनही बघा, रंग तोच. हे टू-केमध्ये दोन तऱ्हांनी मारता येतं. एक तर रंगातच चमक असते, वर वेगळं क्लिअर लागत नाही. मेस्त्री याला ‘डायरेक्ट’ म्हणतात. किंवा आधी मंद रंगाचा बेस आणि त्यावर पारदर्शक क्लिअर. तुमच्या गाडीवर कोणती तऱ्हा आहे ते कळायला पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, घेऊन घासा. फडक्याला रंग लागला तर डायरेक्ट, नाही लागला तर वर क्लिअर आहे.

मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या आरशासारख्या ऊन परतवतात, म्हणून वळणावर गाडी उजळते आणि बाजूने बघितलं की काळवंडते. आता गोम इथे आहे. त्या चकत्या पत्र्यावर आडव्या बसल्या की उभ्या, यावर शेड बदलते. आणि त्या कशा बसतात हे गनच्या दाबावर, हाताच्या वेगावर, कोट ओला की कोरडा यावर, अगदी त्या दिवशीच्या उकाड्यावर ठरतं. एकाच डब्यातला रंग दोन मेस्त्रींनी मारला तर दोन वेगळे दरवाजे तयार होतात. म्हणून मेटॅलिक गाडीच्या एका दरवाज्याला ओरखडा आला तर फक्त तेवढाच भाग रंगवून चालत नाही. शेजारच्या मडगार्डवर आणि मागच्या दरवाज्यावर रंग हळूहळू विरवत न्यावा लागतो आणि त्या सगळ्या पॅनेलवर पुन्हा क्लिअर मारावं लागतं. एक ओरखडा, तीन पॅनेल.

पर्लमध्ये चकत्या ॲल्युमिनियमच्या नसून अभ्रकाच्या, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक येते. पांढरा पर्ल बहुधा तीन थरांत मारतात आणि तो जुळवणं मेटॅलिकपेक्षा अवघड. कँडी म्हणजे चंदेरी थरावर रंगीत पारदर्शक थर, गोळीच्या कागदासारखा; प्रत्येक जास्तीचा कोट रंग गडद करतो. त्याला टच-अप करता येत नाही असंच धरून चाला. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला तो शोभतो.

मॅटविषयी मला तरुण मंडळी फार विचारतात, म्हणून सांगतो. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, तिने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. याचा अर्थ तो पॉलिश करता येत नाही. घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो, आणि तो डाग कायमचा. तुमची गाडी आंब्याखाली किंवा जांभळाखाली उभी राहत असेल, वर वटवाघळं येत असतील, तर मॅट विसरा. आंब्याचा चीक आणि जांभळाचा डाग त्या खडबडीत पृष्ठभागात असा मुरतो की धुऊन जात नाही.

माझं मत विचाराल तर साठच्या दशकातल्या गाडीला डायरेक्ट सॉलिड. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट असो, उत्तरपाड्याची ॲम्बेसिडर असो की मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणत ती त्याआधीची गोलमटोल गाडी, त्यांच्या अंगावरची चमक खोल नव्हती, मऊ होती. कासवाच्या पाठीसारखी म्हणा. त्यावर आजचं जाड क्लिअर मारलं की गाडी काचेच्या बरणीत घातल्यासारखी दिसते. आमची पहिली मरून तशीच दिसत होती. तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं. शिवाय गडद आणि चकचकीत रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. साठ वर्षांच्या पत्र्यात लाटा असणारच. हलका सॉलिड त्या झाकतो.

सगळ्यांना हे लागू नाही. १९६१ पूर्वी गोव्यात थेट परदेशातून मोटारी यायच्या, आणि त्यातल्या काही जर्मन गाड्या अजून जुन्या घरांच्या पोर्चमध्ये सापडतात. मर्सिडीजने त्या काळीही मेटॅलिक छटा दिल्या होत्या. तुमची गाडी मुळातच चंदेरी असेल तर ती चंदेरीच करा, फक्त मेटॅलिक मारण्यात ज्याचा हात बसला आहे असाच मेस्त्री शोधा.

मूळ रंग कसा शोधायचा

अनेक परदेशी गाड्यांच्या अंगावर रंगाचा कोड असलेली पट्टी असते. तो कोड रंगाच्या दुकानात दिला की त्यांच्या संगणकात बहुधा मिश्रण सापडतं. नावावर मात्र जाऊ नका, कोडवर जा. फोक्सवॅगनच्या बीटलचा एल ८७ हा रंग ‘पर्ल व्हाइट’ नावाचा आहे, पण त्यात पर्लचा कणही नाही. तो साधा सॉलिड, किंचित सायीकडे झुकणारा पांढरा. नाव सांगून रंग मागवला तर दुकानदार शिंपल्यासारखा चकाकणारा डबा हातात देईल.

आमच्या गाडीवर पट्टीचा पत्ता नव्हता. मेस्त्रींनी डिकीच्या आत, स्टेपनीमागे, रुपयाएवढी जागा निवडली आणि ओल्या, हजार नंबरच्या सँडपेपरने गोल गोल घासायला सुरुवात केली. मधल्या भागात जास्त, कडेला कमी. हळूहळू कापलेल्या झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं उमटली. बाहेर आमचा फसलेला मरून, आत पांढरा, म्हणजे वडिलांनी मावशीच्या लग्नाच्या वेळी मारून घेतलेला. त्याच्या आत एक निळा, जो घरात कोणालाच आठवत नव्हता. मग राखाडी प्रायमर. आणि त्याखाली, अगदी मध्यावर, फिकट हिरवट राखाडी. पावसात भिजलेल्या शेवग्याच्या पानाच्या मागच्या बाजूसारखी. काकांना फोनवर फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला, “अरे, हीच! बाबा हिला शेवाळी म्हणायचे.”

तेवढा ठिपका घेऊन दुकानात गेलो. तिथे रंग मोजायचं हातात धरायचं यंत्र होतं. ते जवळपास पोचवतं, शेवटचं जुळवणं डोळ्याने. एक लक्षात ठेवा: जुना थर उन्हात न आलेल्या जागेचाच घ्या. बॉनेटवरचा उडालेला असतो. लाल तर फारच फसवा, त्यातली स्वस्त रंगद्रव्यं उन्हात लवकर फिकी पडतात आणि गाडी गुलाबी होते. लाल हवा असेल तर चांगल्या प्रतीच्या रंगद्रव्याचे पैसे मोजावेच लागतात.

नमुना कार्डावर बघून रंग ठरवू नका. कार्ड सपाट असतं, गाडी गोल. एखादं भंगारातलं मडगार्ड मिळवा, त्यावर पूर्ण पद्धतीने, प्रायमरपासून, रंग मारून घ्या आणि चार दिवस अंगणात ठेवा. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग सकाळच्या उन्हात वेगळे दिसू शकतात. आम्ही तीन छटा मारल्या होत्या. दोन दुकानात आवडल्या. अंगणात ठेवल्यावर त्यातली एक दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसायला लागली. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली: आपली तांबडी माती पांढऱ्यावर आणि काळ्यावर ओरडून दिसते, पण हिरवट राखाडीवर आणि क्रीमवर ती मुकाट बसते.

कागदपत्रं

आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा आणि बदलाची नोंद करून घ्या. जीपवाल्यांसाठी खास: लष्करी ऑलिव्ह ग्रीन खाजगी गाडीला चालत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. विलीज जीपला तो शोभतो हे खरं, पण पोलिसांनी थांबवल्यावर शोभा उपयोगी पडत नाही.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी; चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. काकांना ती घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचं असतं.

मेस्त्रींना काय विचारावं

किती कोट मारणार, हा प्रश्न सगळे विचारतात. तो सर्वांत निरुपयोगी. जाड रंग म्हणजे चांगला रंग नव्हे. जाड थर उलट तडकतो. कारखान्यातल्या आजच्या रंगाची सगळी जाडी मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. विचारायचं ते हे: उघडा पत्रा किती वेळ उघडा राहणार? प्रायमर आणि रंग यांच्यात किती दिवस जाणार, आणि तेवढे दिवस गाडी कुठे उभी असणार? प्रायमर, रंग, हार्डनर एकाच कंपनीचे का? आणि पुढच्या वर्षी ओरखडा आला तर फक्त तेवढीच जागा करून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर जो मेस्त्री थोडा थांबून, गाडीकडे बघून मग उत्तर देतो, त्याच्याकडे काम द्यावं असं माझा अनुभव सांगतो.

आणि त्याच्या तोंडाकडे बघा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून उडालेला त्याचा धुरळा छातीत गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. मेस्त्रींकडे तो नव्हता. चाळीस वर्षं ड्यूको मारलेला माणूस, हसून म्हणाला, सवय आहे. आम्ही क्लिअरचे वाचलेले पैसे त्या मास्कमध्ये घातले. पहिले दोन दिवस त्यांनी तो खुंटीला टांगून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने येऊन दम दिला.

जानेवारीत गाडी घरी आली. शेवाळी, डायरेक्ट सॉलिड टू-के, वर क्लिअर नाही. बॉनेटमध्ये पोरांना तोंडं दिसतात, पण जरा धूसर. उरलेला अर्धा लिटर रंग मेस्त्रींनी हार्डनर न मिसळता डब्यात घट्ट बंद करून दिला आणि झाकणावर खिळ्याने मिश्रणाचा नंबर कोरला, कारण कागदी चिठ्ठी पावसाळ्यात गळून पडते.

मे महिन्यातल्या वादळात माडाचं एक चुडत, म्हणजे झावळी, डाव्या मागच्या मडगार्डावर आडवं पडलं. वीतभर ओरखडा, एका ठिकाणी प्रायमरपर्यंत. गाडी डब्यासकट फोंड्याला नेली. मेस्त्रींनी कडा घासून पातळ केल्या, मास्क चढवला, तेवढ्याच जागेवर तीन हलके कोट मारले आणि सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन हजार नंबरचा ओला सँडपेपर फिरवला, कंपाउंडने घासलं आणि फडकं झटकून बाजूला झाले. काकांनी चष्मा लावून मडगार्ड बघितलं, मग उजवीकडचं बघितलं, आणि मला विचारलं, “नेमकं कुठे लागलं होतं रे?”